ऑफिस सुटल्यावर पर्वती आणि तळजाई

मे महिन्यात पुण्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. सहाला काम सुटलं, तरी एका संध्याकाळी दोन टेकड्या होतात: पर्वती आणि तिच्या दक्षिणेची तळजाई.

सुरुवात पर्वतीपासून करावी. एकशे तीन पायऱ्या, रुंद आणि उतरत्या. धाप लागेपर्यंत पळू नका, बोलता येईल एवढ्याच वेगानं चढा. वर नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं देवदेवेश्वराचं मंदिर. पानिपतानंतर, जून 1761 मध्ये, नानासाहेबांनी याच टेकडीवर देह ठेवला. वरच्या कट्ट्यावरून शहर पाहताना मला दरवेळी ते आठवतं आणि पाय थोडा वेळ थबकतात. हवा स्वच्छ असेल तर नैर्ऋत्येला सिंहगड दिसतो.

मग तळजाई. इथे गिरिपुष्पाची लागवड दाट आहे. दिवस मावळताना मोरांची केका ऐकू येते. त्यासाठी तरी कानातले हेडफोन काढून ठेवावेत.

वेळेचं गणित सोपं आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 मध्ये सांगितलेला ठोकताळा असा: पाच किलोमीटरला एक तास, आणि सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. आपल्या टेकड्यांची चढण त्या मानानं किरकोळ. खरी अडचण अंधाराची. आपल्याकडे संधिप्रकाश जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकतो. म्हणून विजेरी, पाण्याची बाटली आणि सोबतीला कुणीतरी हवंच. तळजाईला वनविभागाच्या फाटकावरची बंद होण्याची वेळ आत शिरतानाच वाचून घ्या.