मुलांचे सैल सांधे व त्यांची निगा
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



एखादे मूल हाताचा अंगठा वाकवून मनगटाच्या आतील बाजूस टेकवून दाखविते आणि आपण टाळ्या वाजवितो. त्या टाळ्यांविषयीच आज आम्हांस थोडे बोलावयाचे आहे.

सांध्यापाशी हाडांना हाडे बांधून ठेवणारे अस्थिबंध काही मुलांत उपजतच सैल असतात. पुष्कळदा हे घराण्यात चालत आलेले असते. बहुतेकांस त्यापासून काहीच उपद्रव होत नाही, तेव्हा सरसकट त्यास रोग म्हणू नये. सैलपणा मोजण्यासाठी बेटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली मांडलेली नऊ गुणांची परीक्षा आजही घेतात. करंगळ्या, अंगठे, कोपर व गुडघे यांचे प्रत्येकी दोन गुण. गुडघे न वाकविता तळहात जमिनीस टेकल्यास एक. परीक्षा म्हटली की आम्हां शिक्षकांस हुरूप येतो खरा, परंतु येथे अधिक गुण मिळविण्यात भूषण नाही!

काही मुलांचे मात्र संध्याकाळी पाय दुखतात, घोटा वारंवार मुरगळतो, चार ओळी लिहिताच बोटे भरून येतात. वर्गात अशा मुलास आळशी, वेंधळा ही विशेषणे फुकट मिळतात. वस्तुतः सैल सांधा सावरण्यात त्याचे स्नायू इतरांहून अधिक राबत असतात.

उपाय स्नायू बळकट करण्याचा. एका पायावर तोल सांभाळणे, हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे, पोहणे, सायकल चालविणे हे सारे बेताने सुरू करून हळूहळू वाढवावे. सांधा त्याच्या टोकापर्यंत ताणू मात्र नये. दुखते म्हणून मुलास महिनोगणती बसवून ठेवल्यास स्नायू अधिकच दुबळे होतात. इंग्लंडात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत सर्वसाधारण व्यायाम आणि ठराविक सांध्यांसाठी योजलेला व्यायाम, दोहोंनीही मुलांच्या वेदना कमी झाल्या. तेव्हा फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम एकदा नीट शिकून घ्यावा व घरी नेमाने करवावा. खरी अडचण नेमाचीच असते.

सांधा सुजला, निखळला, सकाळी आखडू लागला, अथवा मूल लंगडू लागले, तर घरगुती उपचारांत वेळ न दवडता डॉक्टरांस दाखवावे. आणि वर्गशिक्षकांस एक चिठ्ठी अवश्य द्यावी: मुलास जाड पेन्सिल वापरू द्यावी, लिहिताना मधून मधून हातास विसावा द्यावा.