मुक्याची दाढदुखी

आमच्या कुत्र्याचं नाव मोती. दातांना मोत्यांची उपमा देण्याची कवींची जुनी रीत आहे. या मोतीचे दात पाहिले असते, तर त्यांनी ती मुकाट्यानं मागे घेतली असती. मुळाशी तपकिरी थर, कडेला लाल हिरड्या आणि तोंड उघडलं की पाहुण्यानं खुर्ची मागे सरकवावी असा वास. कुत्रं म्हटलं की वास यायचाच, असं पुष्कळांना वाटतं. ते खरं नाही. कुजका वास आला, की हिरड्यांत काहीतरी बिघडलं आहे असं समजावं.

आपल्याला 32 दात, कुत्र्याला 42. आपल्यासारखे त्याचे दात सहसा किडत नाहीत. त्याचं दुखणं हिरड्यांचं. जंतूंचा चिकट थर दातांवर बसतो, लाळेतल्या क्षारांनी काही दिवसांतच तो कडक होतो. हेच कीटण. हिरडीखाली जंतूंचं ठाणं बसलं, की दाताला धरून ठेवणारं हाड झिजू लागतं. तीन वर्षांची होईपर्यंत बहुतेक कुत्र्यांत याची थोडीफार सुरुवात झालेली असते.

मोती अकरा वर्षांचा होता. 2023 च्या पावसाळ्यात तो भाकरी एकाच बाजूनं चावू लागला. तुकडा तोंडातून पडायचा, तो पुन्हा उचलायचा. पण जेवण सोडलं नाही, कण्हला नाही. या जनावरांची खोड अशी, की दुखणं लपवायचं आणि भूक मात्र दाखवायची. मग उजव्या डोळ्याखाली सूज आली. आम्ही दोघं नवरा-बायको डोळ्याचं दुखणं म्हणून त्याला घेऊन गेलो, तर डॉक्टरांनी ओठ वर करून दाढ दाखवली. वरच्या जबड्यातली ही मोठी दाढ मांस कातरायची. तिला तीन मुळं, आणि ती थेट डोळ्याच्या खालपर्यंत गेलेली. तिथं पू झाला होता.

दाढ काढायची तर पूर्ण भूल द्यायला हवी. अकरा वर्षांच्या कुत्र्याला भूल! घरात दोन तट पडले. ‘म्हातारं झालंय, आता कशाला त्याचे हाल?’ असं शेजारीही म्हणू लागले. खर्च होता, धोकाही होता. डॉक्टर म्हणाले, वय हा आजार नव्हे. रक्त तपासू, मूत्रपिंड, यकृत, हृदय बघू, मग ठरवू. भूल न देता नुसतं वरवर खरवडलं तर दात पांढरे दिसतात, दुखणं हिरडीखाली तसंच राहतं.

निर्णय अखेर अम्मीनं केला. कुत्र्याची लाळ लागली तर नमाजाआधी धुणं आलं, म्हणून तिनं मोतीला पडवीच्या आत कधी येऊ दिलं नाही. पण तिची स्वतःची कवळी आहे. ती म्हणाली, ‘दाढ दुखते तेव्हा रात्र कशी जाते, ते मला विचारा. त्याला तर सांगताही येत नाही. घेऊन जा.’

ती दाढ आणि दोन हलणारे दात निघाले. संध्याकाळी मोती झोकांड्या खात घरी आला. पुढचे काही दिवस मऊ भात आणि मटणाचं अळणी पाणी, कांदा-लसूण न घालता; कारण ते कुत्र्याला बाधतात. वेदनेचं औषध डॉक्टरांनी दिलं तेवढंच. आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन त्याला स्वतःहून कधी देऊ नये, जिवावर बेतू शकतं.

आता रोज सकाळी दात घासायचं काम माझं. लहान मुलांचा मऊ ब्रश, कुत्र्यांसाठी मिळणारी पेस्ट. आपली पेस्ट नको, तो ती गिळतो. काहींत झायलिटॉल असतं, ते तर कुत्र्याला विषच. मग हात धुऊन मी चहाला बसतो.

आमच्या घरात हाडांना तोटा नाही, बकरी ईदला तर नाहीच. हाड चघळून दात साफ होतात, हा समज सगळीकडे आहे. पण शिजलेल्या हाडाच्या कपच्या घशात, आतड्यात रुततात आणि टणक नळीनं दात फुटतो. डॉक्टरांची कसोटी सोपी आहे: ज्यात आपलं नख रुतत नाही, ते कुत्र्याला चावायला देऊ नये.

डावीकडचे वरचे दात मोती अजून नीट घासू देत नाही. तिथं आधी नुसतं बोट फिरवतो, ओठाखाली, हळूहळू. चार दिवस बोट, मग ब्रश. सध्या आमचा तिसरा दिवस चालू आहे.