मुळशीच्या वाटेवरचे हौशी धावपटू

मुळशीत एखाद्या हौशी धावण्याच्या मंडळात दाखल होऊ इच्छिणाऱ्यांनी स्मरावे की, डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटांनी १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकला जो चमू रवाना केला, त्यातील बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९वे आले. आणि टाटांच्याच धरणाविरुद्ध पुढल्या वर्षी मुळशीकरांनी सत्याग्रह मांडला, हा योगायोग विलक्षणच!

प्रारंभी वैद्यकीय तपासणी करवून, सोबत्याशी सहज बोलता येईल इतक्याच मंद गतीने धावावे. कारण हृदय व फुप्फुसे लवकर सरावतात, परंतु स्नायुबंध व अस्थी विलंबाने. ताम्हिणी घाटाचा उतार चढापेक्षा गुडघ्यांना अधिक जाचतो, आणि पावसाळी धुक्यात उजळ वस्त्रे घालून, समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने धावणे इष्ट.