एकाच हाताची दोन वयं



आपल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या या दोन दिवसांच्या परिषदेत लेझर आणि फिलरवर पुष्कळ बोललं जाईल. मला बोलायचं आहे ते उन्हाने पडणाऱ्या सुरकुतीबद्दल.

माझ्या ओपीडीत कांदालागवडीला, खुरपणीला जाणाऱ्या एक मावशी येतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा मी मनात साठी धरली होती. त्यांनी वय सांगितलं 42. मनगटावरची कातडी कोरडी, चरे पडलेली, डागाळलेली. मग ब्लाउजची बाही जरा वर सरकवून दंडाची आतली बाजू पाहिली. ती मऊ, नितळ होती. "मावशी, ही कातडीही 42 वर्षांचीच आहे," मी म्हटलं. त्या कितीतरी वेळ आपलाच दंड बघत राहिल्या.

वयाचा वाटा आहेच. तरुणपणापासून कोलॅजन दरवर्षी सुमारे एक टक्क्याने घटतं, आणि पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत जवळपास 30 टक्के जातं. पण चेहऱ्यावर दिसतो तो बराचसा उन्हाचा हिशेब. अतिनील 'ए' किरण ढगांतून, काचेतूनही येतात, खोल शिरतात आणि कोलॅजन तोडणारी विकरं वाढवतात. 2012 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने 28 वर्षं ट्रक चालवलेल्या 69 वर्षांच्या माणसाचं छायाचित्र छापलं होतं. खिडकीकडचा डावा गाल दाट सुरकुतलेला, उजवा त्यामानाने बरा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. एसटीचा चालक तपासायला आला, तर त्याचे दोन्ही गाल शेजारी शेजारी नीट बघा.

आपल्या सावळ्या कातडीला मेलॅनिनचं कवच आहे, म्हणून सुरकुत्या उशिरा येतात. डाग मात्र आधी येतात, आणि डागांपायी आपली माणसं स्टेरॉइड मिसळलेली 'गोरं करणारी' ट्यूब दुकानातून आणून महिनोन्‌महिने चोळतात. कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, उन्हात गेलं की चेहरा पेटतो. असा चेहरा समोर आला की मला झोप लागत नाही. आपणही चिठ्ठीवर स्टेरॉइडच्या ट्यूबचं नाव लिहितो, तेव्हा ती कधी थांबवायची, हेही लिहिलंच पाहिजे.

उपचारांत मराठीनेच आपल्याला एक भेद करून दिला आहे: आठी वेगळी, सुरकुती वेगळी. भुवयांमधली आठी स्नायूंनी पडते. तिला बोटुलिनम लागू पडतं, तीन-चार महिने टिकतं. उन्हाने विणलेल्या बारीक सुरकुतीला मात्र ट्रेटिनॉइन हवं. क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्येच ते दाखवलं. रात्री, संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं. गरोदरपणात नाही. सुरुवातीला सालपटं निघतात, आणि "रिअ‍ॅक्शन आली" म्हणून कितीतरी रुग्ण तिथेच सोडतात. फरक दिसायला महिने लागतात, हे पहिल्याच भेटीत सांगायला दोन मिनिटं पुरतात. ती दोन मिनिटं आपण देत नाही.

सनस्क्रीनचा पुरावाही पक्का आहे. ऑस्ट्रेलियात साडेचार वर्षं चाललेल्या, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज लावणाऱ्यांच्या कातडीचं म्हातारपण 24 टक्क्यांनी कमी आढळलं. पण बरी ट्यूब मावशींच्या दिवसाच्या रोजाहून महाग. म्हणून मी त्यांच्या चिठ्ठीवर औषधाच्या वर लिहिलं: घट्ट विणीचा, गडद रंगाचा, पूर्ण बाहीचा सदरा, डोक्यावरून, गालांवरून पदर, भर दुपारचं काम शक्य असेल तर सकाळी. हा सल्ला चिठ्ठीवर लिहायला आपल्याला कमीपणा का वाटावा?

परवा मावशी आल्या. साडीवर नवऱ्याचा जुना सदरा, कॉलर उभी केलेली. सोबत 16 वर्षांची लेक, तिच्याही अंगात भावाचा सदरा. मावशींनी स्वतःचा हात पुढे केलाच नाही. लेकीची बाही वर सरकवली, तिचा दंड आणि मनगट माझ्यासमोर धरलं आणि म्हणाल्या, "हिचं अजून एकसारखं आहे ना, डॉक्टर? तेवढं बघा."