निबंध मास्तरांसाठी, तार आपल्यासाठी

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाव, वीज, कर्ज यांवर सकाळपासून बोलणे झाले. मी आज पोरांविषयी बोलणार आहे. पंधरा-सोळा वर्षांची, आपल्याच घरातली पोरं.

माझा पुतण्या दहावीत होता तेव्हाची गोष्ट. शाळेत 'वन्यप्राणी आपले मित्र' असा निबंध होता. पोराने तो झकास लिहिला, दहापैकी नऊ मार्क मिळाले. त्याच दिवशी संध्याकाळी तो सायकलच्या कॅरिअरला तारेचे बंडल बांधून आला. ज्वारी पोटरीत होती आणि आदल्या रात्री डुकरांनी अर्धा एकर लोळवली होती. धुऱ्याने तार ओढायची, लाईनवर आकडा टाकायचा, सकाळी काढून घ्यायचा. आजूबाजूला कोण करते ते तुम्हाला ठाऊक आहे, मी नावे घेत नाही. मी म्हटले, "अरे, निबंधात तर वेगळेच लिहिलेस." तो म्हणाला, "काका, निबंध मास्तरांसाठी, तार आपल्यासाठी."

मला त्याचा राग आला नाही. शाळेची एक संस्कृती, घराची दुसरी, आणि मोबाईलवर डुकराची शिकार दाखवणाऱ्या मित्रांची तिसरी. सोळा वर्षांचे पोर या तिघांच्या मधे उभे असते. कायद्याचे पुस्तक ते वाचत नाही. आपल्या माणसांत कशाला शाबासकी मिळते आणि कशाला लाज वाटते, ते बघून ते ठरवते.

एका शब्दाचा जोर बघा. ज्या जनावराला आपण रोही म्हणतो, त्याला उत्तरेकडे नीलगाय म्हणतात. आहे ते कुरंगाच्या जातीचे, गाय नव्हे. पण नावात गाय आली आणि तिकडच्या पोराचा हात थांबला. बिहारात पीक वाचवण्यासाठी सरकारनेच 2016 साली मोकामाच्या भागात दोनशेवर नीलगायी गोळ्या घालून मारल्या, तेव्हा गोळ्या झाडायला बाहेरून शिकारी आणावे लागले. आणि दिल्लीत एका केंद्रीय मंत्र्यांनी दुसऱ्या केंद्रीय मंत्र्यांवर उघड टीका केली. आपल्याकडे 'रोही' म्हटले की कोणाला गाय आठवत नाही, पऱ्हाटीचे मोडलेले झाड आठवते.

आता राजस्थानातले बिष्णोई घ्या. तेही कोरडवाहू शेतकरी, आपल्यापेक्षा कमी पावसाचे. जांभोजींनी 1485 साली पंथ स्थापला, एकोणतीस नियम घालून दिले. त्यात हिरवे झाड तोडू नये आणि जीवावर दया करावी हे आहे. 1730 साली जोधपूरच्या राजाची माणसे खेजडली गावी शमीची झाडे तोडायला आली, तेव्हा अमृतादेवीसह 363 माणसे झाडांना मिठ्या मारून मेली असे तिथे सांगतात. तिथल्या पोराला हरणाचे काय करायचे हा प्रश्नच पडत नाही. 1998 साली जोधपूरजवळ कांकाणीला काळवीट मारल्याचा आरोप एका मोठ्या सिनेनटावर आला, तेव्हा गावकरी साक्षीला उभे राहिले आणि वीस वर्षे मागे हटले नाहीत. 2018 साली खालच्या कोर्टाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली. पुढे अपील झाले.

हे ऐकून शहरातला माणूस आपल्याला म्हणतो, बघा, त्यांच्याकडून शिका. थांबा जरा! बिष्णोयांनी आपल्या वावरातला वाटा आपल्या मर्जीने दिला, कोणाच्या हुकुमाने नाही. आपल्याला 1972 चा कायदा वरून आला. हरणाचे पोट आमच्या वावरात भरायचे आणि पुण्य दुसऱ्याच्या खात्यावर जमा व्हायचे! असल्या हिशेबातून पोर कोणती संस्कृती शिकणार?

पांढरकवड्याची वाघीण आठवा. दोन वर्षांत तेरा माणसे गेल्याचा ठपका तिच्यावर होता. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री तिला गोळी घातली, ऐन वेचणीच्या दिवसांत. शहरांत पोरांनी मोर्चे काढले, मेणबत्त्या लावल्या. त्या गावांत पोरांनी फटाके फोडले. दोन्हीकडची पोरे एकाच वयाची. गावातल्याची आई रोज जीव मुठीत धरून कापूस वेचायला जात होती, एवढाच फरक. मला विचाराल तर दोन्ही पोरांना मी वाईट म्हणणार नाही, पण मेणबत्तीवाल्याला एकदा वेचणीला घेऊन जाईन.

तारेचे काय झाले ते सांगतो. पोराची आजी ओट्यावर बसली होती. पाप-पुण्य तिने काढले नाही. ती म्हणाली, आमच्या वेळी पाखराचा आणि जनावराचा वाटा धरूनच पेरत होतो. पोराने विचारले, "किती जायचे?" म्हणाली, "पायली, दोन पायली." पोर म्हणाले, "आजी, आता अख्खे वावर जाते."

दोघेही खरेच बोलत होते. तेव्हा शिवारभर ज्वारी होती, जनावर चार तोंडे इकडे मारी, चार तिकडे. शिवारभर जागल होती, मचाणावरून हाकारा जात होता. आता सगळीकडे पऱ्हाटी आणि सोयाबीन, मधे एकट्याची ज्वारी. सगळ्या शिवाराची डुकरे आणि सगळी पाखरे त्याच्यावर. वाटा देण्याची रीत चांगली होती, पण ती सगळ्यांनी मिळून द्यायची रीत होती. एकट्यावर पडली की ती रीत राहत नाही, दंड होतो. आणि मग ज्वारी जाते, कडबा जातो, बैल जातो.

म्हातारी शेवटी एवढेच म्हणाली, रात्री पाणी द्यायला शेजारचा पोरगा त्याच धुऱ्याने येतो. तार त्या रात्री लागली नाही. अशा तारेवर आपल्याकडे डुकरांबरोबर वाघ मेले आहेत आणि माणसेही मेली आहेत, हे सभेत उघड बोलायला आपण लाजतो. परवानगीने रोही-डुक्कर मारता येते, पण परवानगी येईपर्यंत कणीस थांबत नाही. झटका मशीन जीव घेत नाही, पण तिला पैसा लागतो. तो आमच्या एकट्याच्या खिशातून का, हे विचारायलाच ही संघटना आहे.

आमच्याकडे पुढच्या साली तिघांनी ज्वारी लागून लागून पेरली आणि जागल पाळीने धरली. पुतण्याची पाळी मंगळवार आणि शुक्रवार. पंचनाम्याला कामी येईल म्हणून तो वहीत लिहू लागला: तारीख, वेळ, कोणत्या धुऱ्याने आली, किती डुकरे, किती रोही, किती ओळी गेल्या. एका पानावर पिलेही मोजलेली आहेत. ती कशाला मोजलीस म्हटले तर हसला, सांगितले नाही. वही मी सोबत आणली आहे. जेवणानंतर ज्यांना बघायची त्यांनी माझ्याकडे यावे.