पाडव्याला आलेला नवा पैसा

१९५७ साल म्हटलं की मला आधी आठवतो तो अंगठ्याच्या नखाएवढा, लालसर नवा पैसा. १ एप्रिलला तो चलनात आला. त्या दिवशी सोमवार होता आणि नेमका गुढीपाडवाही. नाण्यावर लिहिलं होतं, ‘रुपये का सौवाँ भाग’. तोवर रुपयाचे आणे सोळा आणि पैसे चौसष्ट. आता शंभर!

खरी गंमत आण्याची झाली. एका आण्याचे हिशेबानं होतात सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैसा द्यायचा कुठून? म्हणून कोष्टक निघालं: एक आणा म्हणजे सहा, दोन म्हणजे बारा, तीन म्हणजे एकोणीस, चार म्हणजे पंचवीस. आमच्या आजीला शाळा माहीत नव्हती, पण यातली फट तिनं आठवड्यात हेरली. आण्याआण्याच्या चार वस्तू ती एकदम घेईना. मिरची घेतली, सहा पैसे मोजले. परत वळून कोथिंबीर, पुन्हा सहा. चौथ्या खेपेला पावलीतला एक नवा पैसा तिच्या कनवटीला शिल्लक! भाजीवाली कपाळाला हात लावायची.

त्याच वर्षी सरकारनं दिनदर्शिकाही बदलली. मेघनाद साहांच्या समितीनं सुचवल्याप्रमाणे २२ मार्चला राष्ट्रीय पंचांगाचा १ चैत्र, शके १८७९ सुरू झाला. शक आपल्या ओळखीचाच, पण घरच्या पंचांगातला चैत्र उजाडायला अजून दहा दिवस होते. एका वर्षात दोन वर्षप्रतिपदा! गुढी अर्थातच दुसरीला उभी राहिली. सरकारी चैत्र राहिला राजपत्रात, आणि आमच्या आकाशवाणीच्या बातम्यांच्या आरंभी ‘भारतीय सौर’ म्हणून. नवा पैसा तेवढा खिशात शिरला. जिभेवर मात्र नाही. २०११ साली पंचवीस पैशांचं नाणं बंद झालं, तोवर लोक त्याला ‘चाराणे’च म्हणत होते.

बाकी वर्षही काही थंड नव्हतं. दुसरी सार्वत्रिक निवडणूक झाली. केरळात नंबुद्रिपादांचं कम्युनिस्ट सरकार आलं. पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीनं काँग्रेसला धूळ चारली. ३० नोव्हेंबरला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी लोक काळी निशाणं घेऊन उभे होते.

आणि ३ ऑक्टोबरला सुरू झाली विविध भारती. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर, आपलेच मराठी गृहस्थ. त्यांना सिनेसंगीताचं वावडं, म्हणून आकाशवाणीवर ते आटलं आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे पळाले. त्यांना परत आणायचं तर गाणी लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. म्हणजे या एका बाबतीत सरकारच लोकांच्या वळणावर गेलं. या स्टुडिओत बसून खरं तर सांगू नये, पण बुधवारी रात्री आठ वाजता आमच्या घरातल्या रेडिओची सुई पुढची कैक वर्षं सिलोनवरच असायची.