गाडी तीच, इंजिन कोणतं?



आपल्या रस्त्यांवर अजूनही मोठ्या संख्येने दिसणारी एक गाडी आज डोळ्यांसमोर ठेवू या. २०१२च्या आसपासची डिझेल स्विफ्ट किंवा डिझायर. दोन लाख किलोमीटर झालेले, पत्रा शाबूत, एसी अजून थंडगार. रोज हडपसरहून हिंजवडीला जाते आणि परत येते. एक दिवस गॅरेजवाला बोनेटवर हात टेकवून म्हणतो, "साहेब, इंजिन कामाला आलंय." आणि लगोलग पुढचं वाक्य येतं, "ओळखीत एक इंजिन आहे, चालू गाडीतलं. टाकून देतो, दोन दिवसांत गाडी हातात."

या दुसऱ्या वाक्याला घाईने होकार देऊ नका, एवढंच मला आज सांगायचं आहे. पण त्यामागची कारणं जरा तपशिलात जाऊन सांगावी लागतील.

पहिला प्रश्न, इंजिन खरंच गेलंय का? सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि ऑइल कमी होतं, म्हणजे ऑइल जळतंय हे नक्की. पण ते पिस्टनच्या रिंगा झिजल्यामुळेच जळतंय असं नाही. या गाडीला टर्बो आहे. टर्बोचं सील गेलं तरी ऑइल हवेच्या पाइपातून इंजिनात शिरतं आणि तसाच धूर निघतो. टर्बोचं काम आणि इंजिनचं काम यांच्या खर्चात फार मोठं अंतर आहे. पांढरा धूर आणि कूलंट कमी होणं ही जोडी दिसली, तर संशय आधी हेड गॅस्केटवर घ्यावा. म्हणून निर्णयाआधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजने मोजून घ्या. त्यात आकड्यापेक्षा चौघांमधला फरक महत्त्वाचा. तीन सारखे आणि एकच पडलेला असेल तर दुखणं त्या एका जागी आहे. चारही खाली असतील तर मात्र मिस्त्री खरं बोलतोय.

पावसाळ्यात एक वेगळंच प्रकरण होतं. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडते आणि आपण घाबरून पुन्हा पुन्हा स्टार्टर मारतो. हवेच्या मार्गाने आत गेलेलं पाणी सिलिंडरमध्ये दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. चांगलं चाललेलं इंजिन असं एका मिनिटात निकामी होतं. पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करायचीच नाही, टोइंग करून न्यायची. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं.

असो. इंजिन गेलंय हे ठरलं असं धरू. आता पर्याय तीन. आपलंच इंजिन उघडून पूर्ण ओव्हरहॉल करणं, बाजारातून वापरलेलं इंजिन आणणं, किंवा कंपनीकडून नवा ब्लॉक मागवणं. तिसरा मी इथेच बाजूला ठेवतो. नव्या ब्लॉकची किंमत आणि त्यावर चढणारे सुटे भाग यांची बेरीज केली, की बारा-चौदा वर्षांच्या गाडीच्या बाजारभावाशी तिचा मेळ बसत नाही.

बाजारातलं इंजिन समजून घ्यायचं, तर या इंजिनचं घराणं ठाऊक हवं. ते मुळात फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट, नेमकं सांगायचं तर १२४८ सीसी. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटांनी क्वाड्राजेट. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, मान्झा, पुंतो, लिनिया, या सगळ्यांत हेच होतं. गाडीशौकीन त्याला गमतीने राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. एप्रिल २०२०ला प्रदूषणाचे बीएस सिक्स नियम लागू झाले आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. याचा सरळ अर्थ असा, की आज कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीच्या मायापुरीत या जातीचं जे इंजिन मिळेल, ते त्याआधीच्या कुठल्यातरी गाडीतून उतरलेलं असणार. विक्रेता "कमी चाललेलं आहे" म्हणतो, त्याला आधार फक्त त्याच्या शब्दाचा. गाडीच्या मीटरवर जिथे कुणी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही, तिथे मीटरपासून सुटून आलेल्या इंजिनवर कसा ठेवायचा?

आणि सीसी एकच असले म्हणून इंजिन एकच होत नाही. स्विफ्टचं ७५ पीएसचं, अर्टिगाचं ९० पीएसचं. टर्बो वेगळा, ईसीएमचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं, प्रोग्रॅमिंग वेगळं. टाटा किंवा फियाटच्या गाडीतलं असेल तर गिअरबॉक्सची जोडणी, माउंटिंग, वायरिंग हे सगळं पुन्हा तपासावं लागतं. शिवाय वर्षाचा घोळ आहेच. बीएस फोर हे १ एप्रिल २०१०पासून तेरा शहरांत आलं, त्यांत आपली मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. पुढे टप्प्याटप्प्याने पसरत ते २०१७ साली देशभर लागू झालं. म्हणजे एकाच वर्षी बनलेल्या दोन स्विफ्ट वेगवेगळ्या मानकांच्या असू शकतात, आणि त्यांच्या इंजिनांवरची साधनंही वेगळी. तेव्हा इंजिन घ्यायचं तर त्याच मॉडेलचं, त्याच मानकाचं. "अर्टिगाचं टाकू, पिकअप वाढेल" असं कुणी सुचवलं तर हसून विषय बदलावा. ऑफिसला वेळेवर पोचायला पंधरा पीएस जास्तीचे लागत नाहीत, सकाळी पहिल्या सेल्फला चालू होणारी गाडी लागते.

वापरलेलं इंजिन बघायला जाल तेव्हा स्थळ बघायला गेल्यासारखी कसून चौकशी करा. ऑइल भरायचं झाकण काढून आत टॉर्च मारा. डिझेलचं ऑइल काळं असतंच, त्याला घाबरू नका. पण झाकणाखाली आणि आतल्या भागांवर डांबरासारखा घट्ट थर दिसला, तर त्या गाडीचं ऑइल वेळेवर बदललेलं नाही. या इंजिनात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि ती ऑइलवरच जगते. गलिच्छ ऑइलवर चाललेली चेन सैल होते. ती दात सोडून सरकली की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. मग खालचं ऑइलचं चेंबर खोलायला लावून त्याच्या तळाशी हात फिरवा. बोटाला चकाकणारा चुरा लागला तर बेअरिंग खाल्लेली आहे. क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून बघा. कुठेही अडकता कामा नये. स्टार्टर लावून कॉम्प्रेशन मोजू देणारा विक्रेता भेटला तर दोन पैसे जास्त द्या, पण त्याच्याकडूनच घ्या.

आता पहिला पर्याय, आपलंच इंजिन. या इंजिनचा ब्लॉक बिडाचा आहे आणि हेड ॲल्युमिनियमचं. बिडाचा ब्लॉक तडकलेला नसेल तर त्याला बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन बसवता येतात. क्रँक घासून अंडरसाइज बेअरिंग टाकता येतात. हेडला फेसिंग, व्हॉल्व्हचं लॅपिंग, नवी चेन, टेन्शनर, ऑइल पंप. यात खरी कसोटी गॅरेजवाल्याची नसते, ज्या मशीन शॉपमध्ये ब्लॉक जातो तिथल्या माणसाची असते. त्याच्याकडे मायक्रोमीटर आणि बोअर गेज आहे का, आणि मापं कागदावर लिहून देतो का, हे स्वतः जाऊन बघा. शक्य असेल तर पिस्टन आधी आणून द्या आणि त्यांच्या मापाने बोअर मारायला सांगा. गाडी दोन दिवसांऐवजी दोन आठवडे गॅरेजमध्ये राहील, पण आत काय नवं आहे नि काय जुनं आहे हे तुम्हाला ठाऊक असेल.

दुसरा फायदा कागदांचा, आणि माझ्या मते तो मोठा आहे. इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. हेड बदला, क्रँक बदला, ब्लॉक तोच असेल तर नंबर तोच राहतो. ब्लॉक बदलला की आरसी आणि गाडी यांचं जमेनासं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ याच विषयाचं आहे. आरसीवरचा तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. म्हणून इंजिन बदलायचंच असेल तर आधी आरटीओची मंजुरी घ्यावी. काम झाल्यापासून चौदा दिवसांत ते कळवून आरसीत नवा नंबर चढवून घ्यावा. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्याची लेखी संमती हवी. विमा कंपनीलाही नवा नंबर कळवायला हवा. हे टाळणारे पुष्कळ आहेत. त्यांची गाडी पंधरा वर्षांची होते, नोंदणीच्या नूतनीकरणाला आरटीओत उभी राहते, आणि तपासणीला आलेले इन्स्पेक्टर नंबर बघतात, तिथे सगळं उघडं पडतं.

इंजिन कुठलंही बसवा, काही गोष्टी चुकवू नका. ते खाली उतरलेलंच आहे, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मागचं ऑइल सील त्याच वेळी बदला. वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि होज नवे टाका, रेडिएटर साफ करा. पहिलं इंजिन गरम होऊन गेलं असेल आणि रेडिएटर तसाच चोंदलेला ठेवला, तर दुसरंही त्याच वाटेने जाईल. टर्बो फुटला असेल तर धातूचे कण इंटरकूलरमध्ये आणि ऑइल कूलरमध्ये बसलेले असतात, ते धुतल्याशिवाय चावी फिरवायची नाही. ईसीएम आपलाच ठेवा, कारण चावीचा इमोबिलायझर त्याच्याशी जोडलेला असतो. कॉमन रेल इंजेक्टरवर कोड कोरलेला असतो. इंजेक्टर बदलले तर तो स्कॅनरने ईसीएममध्ये भरून घ्या. ओव्हरहॉल केलेल्या इंजिनचं पहिलं ऑइल हजार किलोमीटरच्या आत बदला आणि तोवर घाटात दामटू नका.

माझा कौल स्पष्ट आहे. ब्लॉक धड असेल तर आपलंच इंजिन करून घ्यावं. ब्लॉक तडकला असेल किंवा रॉड त्यातून बाहेर आला असेल, तरच त्याच मॉडेलचं वापरलेलं इंजिन घ्यावं. आणि दोन्हींचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर गाडी विकण्याचा विचार करावा, मग तिच्यावर कितीही जीव असो.

वापरलेलं इंजिन घेताना पक्क्या बिलावर इंजिन नंबर लिहून घ्या, आणि ते ज्या गाडीतून उतरवलं तिच्या आरसीची प्रत मागा. ती मिळत नसेल तर इंजिन चोरीच्या गाडीचं असू शकतं. तिथून रिकाम्या हाताने परत या.